सिंगापूर ते क्वालालंपूर: बस की विमान?

धाकटी बहीण आई-बाबांना घेऊन निघाली आहे आणि अडलीय इथेच. अंतर साधारण 350 किमी.

वेळ: विमान हवेत जेमतेम तासभर. पण चांगीला (सिंगापूरच्या विमानतळाला) दोन तास आधी पोहोचा, उतरल्यावर विमानतळ शहरापासून पन्नासेक किमी लांब. केएलआयए एक्स्प्रेस ही विमानतळाची ट्रेन 28 मिनिटांत केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनला सोडते, तरी दारापासून दारापर्यंत पाच तास जातातच. बसला पाच-सहा; शुक्रवारी संध्याकाळी कॉजवे (सिंगापूर-मलेशिया जोडणारा समुद्रावरचा रस्ता) तुंबला की हिशोबच सोडा.

खर्च: बस स्वस्त. विमानाचं तिकीट कधीकधी फसवं स्वस्त दिसतं. चेक-इन बॅग आणि एक्स्प्रेसचे 55 रिंगिट मिळवून बघा.

दगदग: बसमधून दोनदा उतरायचं. सिंगापूरच्या हद्दीवर वुडलँड्सला पासपोर्ट, मग पलीकडे मलेशियात जोहोर बारूला सगळ्या बॅगा काढून स्कॅनरवर. बसचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा, तिथे सगळ्या बस सारख्याच दिसतात. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) बस असो वा विमान, लागतंच, ते घरूनच भरा.

एकटे, पाठीवर एक सॅक, आठवड्याच्या मधल्या वारी निघणार असाल तर बसच. गुडघे दुखणारे ज्येष्ठ आणि जड बॅगा असतील तर गुपचूप विमान.