शर्यत कोणी थांबवायची: आकड्याने, अधिकाऱ्याने की नाखव्याने?

माझा भाचा नोकरीनिमित्त बडोद्याहून मुंबईला गेला आणि तिथे वेगवान शिडाच्या नौकांच्या नादाला लागला. यंदा शर्यतींच्या नियमावलीतले एक कलम लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले आहे: समुद्र खवळलेला असताना शर्यत कोणत्या आधारावर पुढे ढकलायची. "मामा, प्लँट चालू ठेवायचा की बंद करायचा, हेच तुम्ही आयुष्यभर ठरवत आलात, तेव्हा तुम्हीच सांगा," असे म्हणून त्याने मसुदा पाठवला. त्यात एकच ओळ होती: वारा २२ नॉटच्या वर गेल्यास शर्यत होणार नाही. (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल.) मी स्वतः शिडाची दोरी कधी हातात धरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात तीस वर्षे काढल्यामुळे 'थांबा' हा शब्द कोणी आणि केव्हा उच्चारायचा, या प्रश्नाशी माझी ओळख जुनी आहे.

पहिला मार्ग त्याच्या मसुद्यातलाच, म्हणजे आगाऊ ठरवलेल्या आकड्याचा. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१३ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोतील अमेरिकाज् कप या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेचे आहे. ७२ फुटी जोडनौकांसाठी (दोन सांगाडे जोडून केलेल्या नौकांसाठी) वाऱ्याची कमाल मर्यादा आधी ३३ नॉट होती. त्या वर्षी ९ मे रोजी सरावात आर्टेमिस संघाची नौका उलटून मोडली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता अँड्र्यू सिम्पसन मृत्युमुखी पडला. त्यानंतर मर्यादा जुलैसाठी २०, ऑगस्टसाठी २१ आणि सप्टेंबरच्या अंतिम लढतीसाठी २३ नॉट अशी खाली आणण्यात आली. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३३ वरून २३ वर येणे म्हणजे शिडावरचा भार निम्म्याहूनही कमी करणे होय.

आकड्याचा मोठा गुण असा की तो कोणाचा नातेवाईक नसतो. प्रेक्षक जमलेले असोत, प्रायोजक घड्याळ दाखवत असोत किंवा पिछाडीवरच्या संघाला आजच खेळायचे असो, यंत्रावर २४ दिसले की विषय संपतो. हेच त्याचे वैगुण्यही आहे, कारण आकडा फक्त जे मोजतो त्याबद्दलच बोलतो. आमच्या कारखान्यात एका रात्री भट्टीचे तापमान मर्यादेच्या आत होते म्हणून पाळीचा प्रभारी निर्धास्त राहिला. दाब मात्र चढत होता आणि त्याला धोक्याची घंटाच जोडलेली नव्हती. माणसे वाचली, पण तेव्हापासून एकाच मापावर विसंबलेला नियम पाहिला की मी सावध होतो.

वेगवान नौकांच्या बाबतीत हा दाब म्हणजे लाट. पाण्याखालच्या फॉइलच्या, म्हणजे पंखासारख्या पात्याच्या, आधारे नौका हवेत उचलली गेली की तिला वाऱ्यापेक्षा लाटांचे भय अधिक असते. फॉइल लाटेच्या माथ्यातून बाहेर आले की उचल एकदम नाहीशी होते आणि नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, पुढच्या लाटेत घुसते. लाटेची नुसती उंची सांगूनही भागत नाही. खोल पाण्यात दहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते, तर चार सेकंदांनी येणाऱ्या लाटेची जेमतेम २५ मीटर. म्हणून पहिल्या जातीची दीड मीटरची लाट नौकेला पाळण्यासारखी झुलवील, आणि दुसऱ्या जातीची एकच मीटरची लाट तिला आपटील.

याचा पडताळा घ्यायला बडोदेकराला फार लांब जावे लागत नाही. कावी-कंबोईला, भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वराच्या मंदिरात, दर्शनाला गेलेल्यांनी खंबातच्या आखातातली भरती पाहिलेली असतेच. जूनमध्ये मी तिथे दुपारभर बसलो होतो. नैर्ऋत्येचा वारा दिवसभर जवळपास सारखाच होता. भरती येत होती तोवर पाणी वाऱ्याच्याच दिशेने आत चालले होते आणि लाटा लांब, आळसावलेल्या होत्या. मंदिर पुन्हा उघडे पडू लागले, ओहोटीचे पाणी वाऱ्याच्या तोंडावर बाहेर निघाले, आणि अर्ध्या तासात तोच गढूळ पृष्ठभाग जवळजवळच्या, उभ्या कड्यांच्या लाटांनी भरून गेला. वारा तोच आणि समुद्र वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आयोजकांनी हे ओळखले होते, म्हणून तिथली वाऱ्याची मर्यादा भरती-ओहोटीच्या प्रवाहानुसार वरखाली केली जात असे.

दुसरा मार्ग अधिकाऱ्याच्या विवेकाचा. २०१० च्या फेब्रुवारीत व्हॅलेन्सियाला अमेरिकाज् कपसाठीच गतविजेत्या अलिंगी संघाची प्रचंड जोडनौका आणि बीएमडब्ल्यू ओरॅकल संघाची पंखासारख्या ताठ शिडाची त्रिनौका यांच्यात तीनपैकी दोन विजयांची लढत होती. ८ तारखेला वारा स्थिर नव्हता म्हणून आणि १० तारखेला लाटा जास्त होत्या म्हणून शर्यत पुढे गेली. शेवटी १२ आणि १४ तारखेला दोन शर्यती होऊन ओरॅकलने २-० असा निकाल लावला. निर्णय हॅरोल्ड बेनेट या मुख्य शर्यत अधिकाऱ्याच्या हाती होता, आणि त्याच्यासारखा अनुभवी माणूस लाटेची जात, वाऱ्याचा कल, उजेड किती उरला आहे, हे सारे एकत्र तोलू शकतो. अडचण माणसाची नाही, त्याच्याभोवतीच्या माणसांची आहे. आयोजक क्लब गतविजेत्याचाच होता, आणि शेवटच्या दिवशी शर्यत सुरू करावी की नाही यावरून समितीच्याच नौकेवर वाद झाला. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, अशा लहान क्लबात हा ताण कमी नाही, जास्तच असतो.

तिसरा मार्ग नाखव्यावर सोपवण्याचा. शर्यतीत उतरायचे की नाही, आणि उतरल्यावर पुढे जायचे की नाही, याची जबाबदारी त्या नौकेचीच, असे आंतरराष्ट्रीय नियमावलीचा नियम ३ सांगतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याला पर्याय नाही, कारण मध्यसमुद्रात आयोजक कोणाला थांबवणार? तरीही १९९८ च्या सिडनी-होबार्ट या ऑस्ट्रेलियातील सागरी शर्यतीचा हिशेब विसरता येत नाही: ११५ नौका निघाल्या, ४४ पोहोचल्या, सहा माणसे गेली. किनाऱ्याजवळच्या छोट्या शर्यतीत तर एकाने माघार घेतली की त्याला भेकड ठरवणारे दहाजण असतात, आणि विशीतल्या पोरांकडून त्या क्षणी शहाणपणाची अपेक्षा करणे म्हणजे समितीने आपले काम त्यांच्या गळ्यात मारणे आहे. या मार्गावर मी भाच्यापुरती फुली मारली आहे.

अंदाज पाहून प्रस्थानच सरकवणे, हा चौथा प्रकार सागरी शर्यतींचा आहे. १९७९ च्या वादळात होरपळलेल्या फास्टनेट शर्यतीने २००७ साली प्रस्थान २५ तास पुढे नेले. अटलांटिक ओलांडणारी रूट दु ऱ्हम ही शर्यत २०२२ साली ६ नोव्हेंबरऐवजी ९ नोव्हेंबरला सुटली. दुपारच्या दीड तासाच्या शर्यतीला त्याचा उपयोग एवढाच की निर्णय नौका पाण्यात उतरण्यापूर्वी व्हावा. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे तहकुबीचे निशाण किनाऱ्यावर चढले तर मुले चहा पीत थांबतात. तेच भर समुद्रात चढले तर दमलेल्या हातांनी त्याच लाटांतून परतावे लागते.

तेव्हा भाच्याला मी असे कळवले आहे. २२ चा आकडा ठेवावा, पण तो छत म्हणून ठेवावा: त्याच्या वर कोणालाही सूट नाही, अधिकाऱ्यालाही नाही. त्याच्या खाली शर्यत होईलच असे मात्र कुठेही लिहू नये. तिथे लाटांची उंची आणि दोन लाटांमधला अवधी पाहून तहकुबीचा पूर्ण अधिकार एकाच अधिकाऱ्याला द्यावा, आणि त्याच्या घरचे किंवा त्याच्या शिकवणीतले कोणी त्या दिवशी स्पर्धेत नसावे. ओहोटी वाऱ्याविरुद्ध वाहत असेल त्या वेळेसाठी छत दोन-तीन नॉटने खाली आणावे. नेमके किती, हे तिथल्या पाण्यात वर्षानुवर्षे होडी घालणाऱ्या कोळ्यांना विचारून ठरवावे, मला विचारून नव्हे. पहिला निर्णय किनाऱ्यावर व्हावा आणि वारा कोणत्या उंचीवर, किती मिनिटांच्या सरासरीने मोजायचा, तेही कलमातच असावे, कारण क्षणिक झोताचा आकडा आणि पाच मिनिटांची सरासरी यांत भांडणाला भरपूर जागा असते.

त्याचे उत्तर काल आले. सगळे मान्य आहे, फक्त लाटांचा अवधी मोजायला समितीकडे यंत्र नाही. मी लिहिले, हातघड्याळ आणि नांगरलेली एक बोया पुरे: बोया एकदा माथ्यावर आली की घड्याळ सुरू कर, त्यानंतर ती आणखी दहा वेळा माथ्यावर यायला लागलेले सेकंद मोज आणि दहाने भाग.