पासपोर्ट परदेशी पाठवायची कुरिअर सर्व्हिस: जाताना झकास, येताना डोक्याला ताप

आमचे दोघांचे पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या ओरिजिनल प्रती आणि फोटो, सगळं पीआरच्या (तिकडे कायम राहायच्या परवान्याच्या) फाइलसाठी परदेशातल्या व्हिसा ऑफिसला पाठवायचं होतं. फॉर्म, स्कॅन, अपलोड यात कित्येक महिने गेले त्याचं काही वाटलं नाही, पण खराखुरा पासपोर्ट हातातून सोडायचा म्हटल्यावर पोटात गोळा आला.

पोस्ट की कुरिअर यावर घरात दोन दिवस खल. पोस्टाचं ईएमएस, म्हणजे परदेशी जाणारं स्पीड पोस्ट, काही वाईट नाही बरं का. 13 अक्षर-आकड्यांचा नंबर मिळतो, सुरुवातीला ई आणि शेवटी जिथून पाठवलं त्या देशाची दोन अक्षरं, आणि पाकीट तिकडे उतरलं की तोच नंबर तिकडच्या पोस्टाच्या साइटवर टाकून बघता येतो. पत्ता पीओ बॉक्सचा, म्हणजे पोस्टातल्या पेटीचा, असेल तर पोस्टच बरं, कुरिअरवाल्याला दार लागतं आणि सही करणारं माणूस लागतं. आम्हाला ऑफिसने दोन्ही पत्ते दिलेले, मी शहाणीने कुरिअरच्या फॉर्मवर पीओ बॉक्सवालाच लिहिला. काउंटरवरच्या मॅडमनी वाचून लगेच परत दिला, नाहीतर पाकीट कुठे फिरत बसलं असतं देव जाणे.

त्याच मॅडमनी आत काय आहे ते स्पष्ट ‘पासपोर्ट’ असं लिहायला लावलं, नुसतं ‘कागदपत्रं’ चालणार नाही म्हणाल्या. ते बरोबरच आहे, काही कंपन्या पासपोर्ट घेतच नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारून घ्या. पण मॅडमच्या शेजारी बसलेल्या पोराने तेवढ्यात कव्हरिंग लेटर पासपोर्टला टाचायला स्टेपलर उचलला! अरे दादा थांब, आत चिप आहे! मी जवळजवळ ओरडलेच. शेवटी पारदर्शक पिशवीत पासपोर्ट, मागे जाड पुठ्ठा, असं मी स्वतः बसवून दिलं.

पावतीच्या मागचं बारीक अक्षर नवऱ्याने वाचलं, त्याला तेवढाच उद्योग. विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाच्या भरपाईची मर्यादा 1999 च्या माँट्रियल करारात किलोमागे ठरलेली आहे, मालात काय आहे त्यावर नाही. म्हणजे पासपोर्ट हरवला तर ही एवढीशी वही वजनावर मोजणार, रद्दीसारखी. म्हणून निघायच्या आधी प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचासुद्धा, स्कॅन करून ठेवला.

जाताना मात्र खरंच एक नंबर काम. मधे शनिवार-रविवार आला तेव्हा स्टेटस दोन दिवस हललं नाही आणि मी दर तासाला बघत होते, पण पाचव्या दिवशी पोचलं, सही कोणी केली त्याचं नाव पण दिसलं, जीव भांड्यात पडला.

येतानाची कथा वेगळी. परतीचं पाकीट आपणच आधी भाडं भरून आत ठेवायचं होतं, आणि आपल्याकडची पोस्टाची तिकिटं तिकडे चालत नाहीत म्हणून याच कंपनीचं रिटर्न लेबल घेतलं. पाकीट इथे उतरलं आणि मेसेज आला की घरी कोणी नव्हतं. मी अख्खा दिवस घरात, बेल वाजली नाही! हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकलं, मग ‘मॅडम उद्या नक्की’. उद्या परत तोच मेसेज. तिसऱ्या दिवशी नवरा स्वतः त्यांच्या ऑफिसात गेला तर पाकीट टेबलावरच पडलेलं, आणि त्यांचंच बारकोडचं स्टिकर आमच्या मोबाइल नंबरवर चिकटवलेलं, शेवटचे चार आकडे गायब. डिलिव्हरीवाल्याला बिल्डिंग सापडली नाही आणि फोन लावायला नंबर नाही, मग ‘घरी कोणी नव्हतं’ मारून मोकळा. तक्रार केली, उत्तरात माफीचा ठरलेला ईमेल आला.

पाठवायला पाच पैकी पाच, परत यायला दीड. परतीच्या पाकिटावर फोन नंबर पुढेही लिहा आणि मागेही, जाड मार्करने.