शेततळ्यात मासे सोडू पाहणाऱ्यांसाठी: अंबड भागातील एका घरगुती मत्स्यबीज केंद्राविषयी

जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यालगत, जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, एक शेतकरी जोडपे मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिल्ले, वाढवून विकते. कालव्याच्या पाझराने त्यांची जमीन चिबडली आणि तिच्यात कापूस तर सोडाच, ज्वारीही धड येईना, तेव्हा त्यांनी तेथे लहान तळी खोदली. केंद्राला नाव नाही, रस्त्यावर पाटी नाही. गिऱ्हाईक एकमेकांना विचारत येते. गेले काही हंगाम आमच्या मोसंबीच्या बागेतील शेततळ्यासाठी आम्ही बीज येथूनच आणतो. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे. लहान शेततळ्यातील मत्स्यपालन गरीब कुटुंबाला हात देते की उलट खड्ड्यात घालते, हे माझ्या मते बीज खरेदीच्या दिवशीच बहुतांशी ठरून जाते.

या केंद्राचे वैशिष्ट्य असे की येथे आषाढ-श्रावणात चार ते सहा इंचांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, मिळते. हे बीज आदल्या पावसाळ्यातले असते. ते वर्षभर दाटीने आणि मोजक्या खाद्यावर ठेवलेले असते, त्यामुळे त्याची वाढ रोखली जाते; मोकळे पाणी आणि पोटभर खाद्य मिळताच तेच मासे झपाट्याने अंग धरतात. आंध्रातील मोठे मत्स्यपालक ही पद्धत सर्रास वापरतात. मराठवाड्याला तर तिची गरज त्यांच्याहून अधिक आहे, आणि त्याचे कारण आपल्या पाण्याच्या वेळापत्रकात आहे.

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले, आणि तेव्हापासून बीजासाठी केवळ नदीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. प्रजननाचा हंगाम मात्र पावसाळाच राहिला. आषाढात निघालेल्या मत्स्यजिऱ्यांना, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना, इंचभराचे व्हायला पंधरा ते वीस दिवस लागतात आणि तेथून बोटुकली व्हायला आणखी दोन ते तीन महिने जातात. म्हणजे चालू वर्षाची बोटुकली हाती येते तेव्हा अश्विन-कार्तिक उजाडलेला असतो. लगेच थंडी पडते, पाणी गार झाले की मासा खाणे कमी करतो, आणि वाढीचे ऊन परत येईपर्यंत आमच्याकडची निम्मी तळी बागेला पाणी देऊन उपसत आलेली असतात. बारमाही पाणी असलेल्या भागात लहान बीज सोडून वर्षभर वाट पाहता येते. आपल्याला भाद्रपद ते फाल्गुन एवढाच काळ मिळतो, आणि त्या काळात विक्रीयोग्य मासा हवा असेल तर तळ्यात पडतानाच तो मोठा असला पाहिजे.

आमच्या भागातील दराने हिशेब मांडतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा उतरत्या कडांच्या तळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते आणि पाचशे बोटुकली त्यात सुखाने वाढते. आठ रुपये नगाने बीजाचे ४,००० रुपये होतात. शंभरातले ऐंशी मासे जगले आणि फाल्गुनापर्यंत सरासरी पाऊण किलोचे झाले, तर ३०० किलो मासा निघतो आणि आठवडी बाजारात १२० रुपये किलोने त्याचे ३६,००० रुपये येतात. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा यांच्या मिश्रणावर १८,००० रुपये, चुना, शेणखत आणि जाळ्याचे भाडे मिळून २,००० रुपये खर्च धरला, तर हातात १२,००० रुपये उरतात. आता बाजारात फिरत्या विक्रेत्याकडून रुपयाला एक मिळणारे इंचभराचे बीज घ्या. असे दोन हजार नग सोडले, चौथाई जगले आणि पाव किलोवर थांबले, तर १२५ किलो बारीक मासा ८० रुपयांच्या वर जात नाही. १०,००० रुपयांच्या विक्रीतून २,००० रुपये बीजाचे, ७,५०० रुपये खाद्याचे आणि वरखर्चाचे तेच २,००० रुपये वजा केले, की पदरचे दीड हजार गेलेले असतात. स्वस्त बीज गरिबालाच सर्वांत महाग पडते, कारण बुडालेला हंगाम भरून काढण्याची ऐपत त्याच्याकडे नसते.

मोजणीविषयी विशेष लिहिले पाहिजे, कारण फसवणूक बहुधा तेथेच होते. फिरते विक्रेते गाळणीचे एक माप मोजून दाखवतात आणि पुढची मापे निम्मी पाणीच भरून ओततात. येथे घरच्या ताई पाच-पाच मासे मोठ्याने मोजत टबात सोडतात आणि शंभर झाले की एक चिंचोका बाजूला ठेवतात; शेवटी चिंचोके गिऱ्हाइकाने मोजायचे. विक्रीच्या आदल्या दिवशी बीज हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, उपाशी ठेवले जाते, जेणेकरून वाटेत पिशवीतले पाणी घाण होऊ नये. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से प्राणवायू भरतात, आणि दुपारच्या उन्हात माल नेण्याचा कोणी हट्ट धरला तर ते सरळ नकार देतात. पिशवी तळ्यात वीस मिनिटे तरंगत ठेवा, मग तळ्याचे पाणी थोडे-थोडे आत घ्या, आणि मासे स्वतःहून बाहेर पडू द्या, हे प्रत्येकाला न कंटाळता सांगतात.

सल्ल्याच्या बाबतीतही हे जोडपे प्रामाणिक आहे. आमच्या तळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे हे कळताच त्यांनी मृगळ कमी घ्यायला सांगितले, कारण तो तळाच्या गाळात चरणारा मासा आहे आणि प्लास्टिकवर त्याला काही मिळत नाही. त्यात त्यांचा स्वतःचा माल कमी खपला. सलग ढगाळ हवामानात पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तेव्हा फोनवर सांगितले की आज खाद्य अजिबात टाकू नका आणि पंपाने तळ्याचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडा. मासे वाचले.

आमच्या तळ्यातील माशांची देखभाल गावातील एक भूमिहीन कुटुंब करते. चौथा हिस्सा आमचा, बाकीचा त्यांचा. मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, सासूबाई नातवंडांना घेऊन गावी राहतात, आणि सकाळ-संध्याकाळ खाद्य त्याच टाकतात. वरच्या हिशेबाने त्यांच्या वाट्याला ९,००० रुपये येतात. तेवढ्याने ऊसतोड सुटत नाही, आणि सुटेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मत्स्यपालनाला रोजचा माणूस लागतो तो नेमका तोडणीच्याच महिन्यांत, आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, एकाच वेळी हाती पडते. पण तोडणीहून कुटुंब परतते तेव्हा उचल फिटून फारसे काही उरलेले नसते आणि गावात कामही नसते. अशा वेळी घरी राहिलेल्या म्हाताऱ्या बाईने मिळवलेले नऊ हजार रुपये पुढची उचल लहान ठेवतात. शिवाय आठवड्यातून एकदा नातवंडांच्या ताटात मासा पडतो, ज्याचा हिशेब कोणीच मांडत नाही.

काही गोष्टी खटकतात, त्याही सांगितल्या पाहिजेत. येथे पक्की पावती मिळत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जाही दिला. पण अनुदान असो, कर्ज असो वा विमा, कागदावाचून पुढे काही सरकत नाही, आणि कागद नसल्याची झळ सर्वांत आधी लहान गिऱ्हाइकाला बसते. दुसरे असे की हजार नगांखालील मागणी ते घरपोच देत नाहीत. आम्ही चार तळेवाले मिळून एकच गाडी बोलावतो, पण ज्याच्या गावात दुसरे तळे नाही त्याने काय करावे? एका खेपेला कटला सांगितल्याहून कमी आणि मृगळ जास्त निघाला. तक्रार केल्यावर त्यांनी फरक भरून दिला, तरी जात ओळखून मोजणी व्हायला हवी, कारण कटला सर्वांत लवकर वाढतो आणि नफा बराचसा त्याच्यावरच असतो.

नग आठ रुपयांचा हा दर जास्त आहे अशी कुरकुर ऐकू येते, ती मला पटत नाही. वर्षभर बीज सांभाळायचे म्हणजे उन्हाळ्यात पाणी टिकवायचे, खंड्या-बगळ्यांपासून राखण करायची आणि काही मरतुक सोसायची. याच चिबड जमिनीवर त्यांच्या मुलीचे शिक्षण चालू आहे, हे मी पाहतो आहे.

मागणी ज्येष्ठातच नोंदवावी, कारण चांगला माल पहिल्या पावसातच संपतो. ज्यांच्या तळ्याचे पाणी बागेला देऊन पौषापर्यंतच संपते, त्यांनी मात्र हे बीज घेऊ नये. त्यांना ताई स्वतःच परत पाठवतात. ज्यांच्याकडे फाल्गुनापर्यंत किमान दीड मीटर पाणी राहते आणि घरात रोज तळ्यावर जाणारे एक माणूस आहे, त्यांनी अंबडचा हेलपाटा जरूर घालावा.