क्लाउडची जागा कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून : गूगल, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स की आरक्लोन?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क वाढतात. कुणाची भर उन्हात गाडीत राहिलेली असते, कुणाची बॅगेतून पडलेली, कुणाची कॉपी चालू असतानाच लाइट गेल्यामुळे बसलेली. मग जो तो एकच विचारतो : "भाऊ, गूगलवर जागा आहे माझी. ती डी ड्राइव्हसारखी समोर दिसेल असं करता येईल का?"

करता येतं, आणि एकाच पद्धतीनं नाही. पण कोण किती जीबी फुकट देतो, एवढ्यावर निवड करू नका. नेट गेलं त्या क्षणी तुमची फाईल नेमकी कुठे असेल, यावर करा. आपल्याकडे शहरात फायबर आलंय, पण रावेर-यावलच्या मळ्यात किंवा अक्कलकुव्याच्या पुढे आजही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी पहिला.

वरून सगळं सारखंच दिसतं : एक्सप्लोरर उघडला की डाव्या बाजूला एक ड्राइव्ह किंवा फोल्डर. आत मात्र तीन वेगळे प्रकार असतात. पहिल्यात सगळ्या फायली तुमच्या डिस्कवरही पूर्ण असतात आणि क्लाउडवरही, म्हणजे कंपनीच्या नेटवरच्या साठ्यात. याला मिररिंग म्हणतात. नेट असो-नसो, काम अडत नाही, पण जागा मुळीच वाचत नाही. दुसऱ्यात फक्त नावं दिसतात आणि डबल क्लिक केल्यावर फाईल खाली उतरते. गूगल याला स्ट्रीमिंग म्हणतं, वनड्राइव्ह 'फाइल्स ऑन-डिमांड'. तिसऱ्यात तुम्ही वेगळं सॉफ्टवेअर टाकून कुठल्याही क्लाउडला एक अक्षर देता, एक्स किंवा झेड. याला माउंट करणं म्हणतात. इथे सगळी मदार नेटवर असते.

दुसरा आणि तिसरा प्रकार घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिच्यामुळेच पाहिलंय.

भुसावळच्या एका फोटो स्टुडिओतली गोष्ट. लग्नाचं 64 जीबीचं कार्ड लॅपटॉपला लावलं, सगळं उचलून क्लाउडच्या ड्राइव्हवर टाकलं. हिरवी पट्टी भरत गेली, शंभर टक्के झाली, खिडकी बंद झाली. मालक म्हणाले झालं, कार्ड फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या दिवशीच्या हळदीला नेलं. लॅपटॉप बंद करून ठेवला. तीन दिवसांनी त्याची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेली. क्लाउडवर पाहिलं तर जेमतेम पाचवा हिस्सा फोटो पोचले होते. ती हिरवी पट्टी क्लाउडपर्यंत गेल्याची नव्हतीच. ती फक्त लॅपटॉपच्या आतल्या तात्पुरत्या जागेत, म्हणजे कॅशेत, पोचल्याची होती. तिथून वर जायचं काम मागे सावकाश चालू होतं. हिशोब करून बघा : अपलोडचा वेग सेकंदाला 20 मेगाबिट असेल तर 64 जीबी वर जायला सात तासांहून जास्त लागतात. नवरीची आई त्या स्टुडिओत येऊन बसली होती ते मी पाहिलंय. तेव्हापासून कुणालाही असा ड्राइव्ह बसवून दिला की घड्याळाशेजारचं त्या सेवेचं चिन्ह बोट ठेवून दाखवतो. ते 'सिंक पूर्ण' म्हणेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही आणि लॅपटॉप मिटायचा नाही.

आता एकेक घेऊ.

गूगल ड्राइव्ह बहुतेकांकडे आधीपासून असतो, कारण जीमेल असतंच. फुकट 15 जीबी, पण ती जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून आहे. मोबाईलचे फोटो वर जात असतील तर त्यातली किती उरलीय ते आधी बघा. 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' टाकलं की विंडोजमध्ये थेट जी नावाचा ड्राइव्ह तयार होतो. पूर्वी याची दोन वेगळी सॉफ्टवेअरं होती, 2021 मध्ये ती एक झाली. एकाच कॉम्प्युटरवर चार खाती चालतात, प्रत्येकाला वेगळं अक्षर मिळतं. दुकानाचं आणि घरचं खातं वेगळं ठेवणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं.

गूगलमध्ये दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे कॅशे. ती मुळात सी ड्राइव्हवर असते. 128 किंवा 256 जीबीच्या एसएसडीवर चार दिवस व्हिडिओ पाहिले-हलवले की सी लाल होतो, आणि माणूस म्हणतो, 'क्लाउडवर ठेवलं तरी माझी जागा कशी भरली?' सेटिंगमध्ये जाऊन कॅशेचा फोल्डर डी वर हलवता येतो, बसवतानाच हलवा. दुसरं म्हणजे गूगल डॉक्स आणि शीट्स. जी ड्राइव्हवर त्या फायली दिसतात खऱ्या, पण त्या नुसत्या पत्त्याच्या चिठ्ठ्या असतात, आत मजकूर नसतो. ती चिठ्ठी पेन ड्राइव्हवर कॉपी करून बँकेत नेलीत तर तिथे काहीच उघडणार नाही. बाहेर न्यायची असेल तर आधी वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ करून घ्या.

वनड्राइव्ह विंडोजमध्येच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फुकट मात्र 5 जीबीच. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये सगळ्यात चांगला मुरलेला हाच आहे, असं माझं मत आहे. प्रत्येक फाईलपुढे खूण असते : निळा ढग म्हणजे फाईल फक्त वर आहे, पांढऱ्यावर हिरवी बरोबरची खूण म्हणजे खाली उतरलीय पण जागा लागली तर परत जाऊ शकते, आणि भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण म्हणजे इथेच कायम राहील. या तीन खुणा ओळखता आल्या की अर्धं काम झालं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' म्हटलं की तो नेटशिवायही उघडतो. 'फ्री अप स्पेस' म्हटलं की डिस्क मोकळी होते, फाईल वर सुरक्षित राहते.

इथेच ती दुसरी मोठी चूक होते. चोपड्याच्या एका शिक्षिकाताईंना लॅपटॉप हलका करायचा होता. वर तर आहेच, असं समजून त्यांनी फोल्डर डिलीट केला. संध्याकाळी फोनवरूनही गायब, शाळेच्या कॉम्प्युटरवरूनही गायब. सिंकचा अर्थच तो : इथे पुसलं की सगळीकडे पुसलं. नशिबानं त्या आठवड्याभरातच आल्या. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गूगल ड्राइव्हवरही पुसलेली फाईल 30 दिवस कचऱ्यात राहते, म्हणून दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका परत मिळाल्या. जागा करायची असेल तर 'फ्री अप स्पेस', डिलीट नाही, हे मी वहीत लिहून देतो लोकांना.

वनड्राइव्ह घेताना आणखी एक बघा. नवीन लॅपटॉप सुरू करताना तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वर न्यायला सुरुवात करू शकतो. 5 जीबीचं खातं असेल तर ते आठवड्यात भरतं. मायक्रोसॉफ्ट 365 वैयक्तिक घेणार असाल तर 1 टीबी मिळते आणि वर्ड-एक्सेलही. ऑफिस तसंही विकत घ्यायचंच असेल त्यांना हा सौदा मला सगळ्यात सरळ वाटतो.

ड्रॉपबॉक्स फुकटात 2 जीबी आणि तीनच उपकरणं देतो, म्हणून आपल्याकडे फारसा दिसत नाही. पण एका कामात तो उत्तम आहे. मोठ्या फाईलमध्ये थोडासाच बदल झाला तर तो बदललेला तुकडाच पाठवतो (वनड्राइव्हही आता तसं करतो), आणि एकाच ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाईल थेट आतल्या वायरवरून देऊ शकतो. डीटीपीवाल्यांच्या शंभर-दोनशे एमबीच्या फायलींसाठी पैसे भरून घेण्यासारखा आहे, त्याखेरीज नाही. पीक्लाउडही पी नावाचा ड्राइव्ह देतो आणि फुकटात 10 जीबीपर्यंत जागा. एकदाच पैसे भरायची योजना हवी असेल तर बघावा.

आता तिसरा प्रकार, म्हणजे माउंट. इथे माझा हात जास्त चालतो, म्हणून जरा थांबून सांगतो. आरक्लोन हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, सत्तरच्या वर क्लाउड सेवांशी बोलतं. विंडोजवर त्याच्या जोडीला विनएफएसपी हे छोटं मदतनीस सॉफ्टवेअर टाकावं लागतं, त्याशिवाय ड्राइव्ह दिसत नाही. सगळं काळ्या खिडकीत कमांड लिहून करायचं असतं, आणि ती खिडकी बंद केली की ड्राइव्हही गेला. सुरुवातीलाच सुरू होईल असं लावून द्यावं लागतं. गूगलशी जोडताना स्वतःची क्लायंट आयडी, म्हणजे गूगलकडची आपली वेगळी ओळख, बनवा. सगळ्यांच्या सामाईक आयडीवर वेग अडखळतो. आणि कॅशेचा पर्याय निदान 'राइट्स'वर ठेवल्याशिवाय त्यावर लिहायला जाऊ नका. तो बंद असेल तर बरीच सॉफ्टवेअरं फाईल सेव्हच करू शकत नाहीत आणि अर्ध्यात तुटलेलं अपलोड पुन्हा प्रयत्न करत नाही.

एवढा खटाटोप कुणी करावा? ज्याच्याकडे जुना साठा आहे त्यानं. दहा वर्षांची लग्नं, जुन्या जमिनीच्या कागदांचे स्कॅन, संस्थेची इतिवृत्तं, जी रोज लागत नाहीत पण हाताशी हवीत. असा साठा आरक्लोननं केवळ वाचण्यापुरता माउंट करता येतो, म्हणजे कुणाच्या हातून चुकून काही पुसलं जाण्याची भीती राहत नाही. शिवाय त्यात फायली कुलूपबंद करून वर पाठवायची सोय आहे. क्लाउड कंपनीलाही नावं आणि मजकूर वाचता येत नाही. पण तो पासवर्ड हरवला तर फायली गेल्या, कुणीही परत आणून देणार नाही. कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

काळी खिडकी नको असेल तर माउंटन डक आणि रेड्राइव्ह (RaiDrive) ही खिडक्या-बटणांची सॉफ्टवेअरं आहेत. पहिलं विकत घ्यावं लागतं, दुसऱ्याच्या मोफत आवृत्तीला मर्यादा आहेत. विंडोजच्या आतच असलेल्या 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'नं वेबडॅव्ह (नेटवरचा फोल्डर जोडायची जुनी पद्धत) जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तिथे मुळात 50 एमबीच्या आतलीच फाईल चालते, आणि 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती सेवाच मोडीत काढायची असल्याचं सांगितलंय.

माउंट केलेल्या ड्राइव्हवर फोटोंचा फोल्डर मोठ्या चित्रांच्या दृश्यात उघडू नका. आठशे फोटोंची छोटी चित्रं दाखवायला कॉम्प्युटर एकेक फोटो खाली ओढत बसतो आणि हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा चहा होईपर्यंत संपतो. 'डिटेल्स' दृश्यात नुसती नावं येतात, ते वापरा. अँटीव्हायरसलाही त्या ड्राइव्हची तपासणी करू नको म्हणून सांगून ठेवा, नाहीतर तोही तेच करतो.

मराठीत फोल्डरला नावं देणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे, आणि ती इंग्रजी माहितीत सहसा सापडत नाही. विंडोजची जुनी मर्यादा अशी की फाईलचा पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या आत हवा. 'केळी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, विंडोज ती चार मोजतो : क, मात्रा, ळ, वेलांटी. 'केळी विक्री नोंदवही'च्या आत 'सावदा बाजार भाव', त्याच्या आत आणखी दोन फोल्डर, असं गेलं की मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. मग फाईल दिसते पण उघडत नाही, किंवा सिंक तिथेच अडून बसतं. नावं मराठीतच ठेवा, पण आखूड ठेवा. आणि वेबवर 'बिल 12/5' असं नाव दिलंत तर विंडोजला तिरकी रेघ चालत नाही, तो ते बदलून दाखवतो. तारखेत आडवी रेघ घाला.

टॅलीवाल्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. टॅलीचा चालू डेटा फोल्डर यातल्या कुठल्याच ड्राइव्हवर ठेवू नका, मिररिंगवरही नाही. एका वेळी कितीतरी फायली उघड्या असतात; त्यातल्या अर्ध्या वर गेल्या आणि अर्ध्या बदलत राहिल्या की डेटा फाटतो. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगलाही हाच नियम. चालू डेटा स्वतःच्या डिस्कवर, आणि दिवसाच्या शेवटी टॅलीमधूनच काढलेला बॅकअप क्लाउडच्या ड्राइव्हवर.

तर माझ्याकडे आलेल्यांना मी काय बसवून देतो? केळीच्या व्यापाऱ्याला आणि शिक्षकाला गूगल ड्राइव्ह, स्ट्रीमिंगवर, पण चालू हंगामाचा किंवा चालू वर्षाचा फोल्डर ऑफलाइन उपलब्ध करून. ऑफिस विकत घेणाऱ्या सीए आणि वकिलांना वनड्राइव्ह. स्टुडिओवाल्यांना चालू लग्न डिस्कवर, सोबत एक हार्ड डिस्क कपाटात, आणि पोचवून झालेली कामं आरक्लोननं माउंट केलेल्या साठ्यात. लिनक्स वापरणाऱ्यांना सरळ आरक्लोन. गूगलनं लिनक्ससाठी स्वतःचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर दिलेलंच नाही.

वर्षाचे पैसे भरण्याआधी फुकटच्या जागेवर एक दिवस काम करून बघा, आणि दुपारी मुद्दाम नेट बंद करा. रोज लागणाऱ्या पाच फायली उघडा, एकीत बदल करून सेव्ह करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग नेट चालू करून मोबाईलवर तो बदल पोचला का ते पाहा. पोचला असेल तर पैसे भरा.