कपाळपट्टी की जेलची टोपी: मानसिक श्रम मोजण्यासाठी काय घ्यावे?

नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाला कार्यरत स्मृतीवर (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या क्षमतेवर) प्रकल्प करायचा असेल, तर ईईजीचे, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवण्याच्या तंत्राचे, दोन पर्याय समोर येतात: कोरड्या इलेक्ट्रोडची कपाळपट्टी आणि जेल भरून वापरायची टोपी. किमतीतील तफावत पाहता कल पट्टीकडे झुकणे साहजिक आहे. परंतु आधी इलेक्ट्रोड डोक्यावर नेमका कुठे टेकतो, हे पाहावे.

स्मृतीवरचा भार वाढला की डोक्याच्या पुढील भागात मध्यरेषेवर, म्हणजे इलेक्ट्रोडच्या जागा ठरवणाऱ्या १०-२० पद्धतीतील एफझेड या जागी, ४ ते ८ हर्ट्झचा थीटा हा मेंदूलहरींचा प्रकार वाढतो. एन-बॅक चाचणीत (समोरचे अक्षर ठरावीक पावले आधीच्या अक्षराशी जुळते का, हे सांगायचे) डोक्याच्या मागील भागातील ८ ते १२ हर्ट्झचा अल्फा बहुधा घटतो. (स्टर्नबर्ग चाचणीत अक्षरे मनात धरून ठेवताना तो वाढलेलाही आढळतो, म्हणून चाचणी आधी ठरवावी.) या दोन्ही जागा केसांत असल्याने कपाळपट्टी तिथवर पोहोचत नाही. शिवाय ती डोळ्यांच्या लगेच वर बसते, आणि पापणी लवली की मेंदूच्या लहरींहून कितीतरी मोठा झटका नोंदीत उमटून त्याचा काही अंश थीटातही मिसळतो. चाचणी अवघड झाली की पापण्या लवण्याचे प्रमाणही बदलते. मग आकडा मेंदूमुळे हलला की डोळ्यांमुळे, हे कसे सांगणार? ॲपवर दिसणाऱ्या तयार ‘एकाग्रता’ गुणावर तर, त्याचे सूत्र उघड नसल्यास, प्रबंधात विसंबूच नये.

टोपीचा व्याप मोठा आहे, हे मान्य. केस बाजूला सारायचे, बोथट सुईने जेल सोडायचे, त्वचा हलकेच घासायची आणि इम्पिडन्स (त्वचा व इलेक्ट्रोड यांमधील विद्युत अडथळा) साधारण १० किलोओहमच्या खाली आणायचा, यात बराच वेळ जातो. केसांना तेल असेल तर संपर्क नीट जुळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना केस धुऊन, तेल न लावता येण्यास आधीच बजावावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घामाने नोंद संथपणे सरकत राहते. ही अडचण पट्टीलाही चुकत नाही.

वर्गातील प्रात्यक्षिकापुरती पट्टी पुरेशी आहे: कानामागे इलेक्ट्रोड असलेल्या पट्टीवर डोळे मिटताच वाढणारा अल्फा अनेकांच्या बाबतीत सहज दाखवता येतो. संशोधनासाठी मात्र मी एफझेड व पीझेड (मागील भागात मध्यरेषेवरची जागा) धरून आठ इलेक्ट्रोडची जेल टोपी सुचवेन. बत्तीसची गरज नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून कच्ची नोंद फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि चाचणीतील अक्षर पडद्यावर आल्याची खूण त्याच नोंदीत पडते का, हे समोर बसून तपासावे.