सात-आठ हजारात गाडी धुवायला प्रेशर वॉशर : कार्चर के टू वापरून सांगतोय

कोल्हापुरात गाडी स्वच्छ ठेवायची म्हणजे बारा महिन्याचं काम आहे. पावसाळ्यात गगनबावड्याकडनं नाहीतर राधानगरीकडनं आलं की मडगार्डच्या आत लाल चिखल थापून बसतो, पाऊस संपतोय तोवर ऊसाचा सीझन, मग रस्त्यावर ट्रॉल्यांचा चिखल आणि कारखान्याच्या पट्ट्यात राहत असाल तर चिमणीची काळी राख बोनेटवर. वॉशिंग सेंटरला दरवेळी तीनशे-चारशे द्यायचे आणि रविवारी नंबर लावून थांबायचं हे काय जमेना, म्हणून घरीच मशीन घेतलं, कार्चर कंपनीचा के टू प्रेशर वॉशर.

भावांनो पहिलं म्हणजे बारच्या (बार म्हणजे पाण्याचा दाब मोजायचं माप) आकड्याच्या मागं लागू नका. ऑनलाईन बघायला गेलं तर त्याच पैशात कोण 130 म्हणतंय कोण 150, पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतो तो कमाल दाब, धुताना मिळतो तो त्याच्यापेक्षा कमीच. के टू ला कमाल 110 बार, 1400 वॅट आणि तासाला 360 लिटर पाणी. गाडीला हे पुष्कळ झालं, कारण पेंटपासून नोझल फूटभर तरी लांब धरावं लागतं, टायरपासून पण तेवढंच, मग 150 घेऊन करायचं काय? काही पॅकमध्ये गोल फिरणाऱ्या धारेची लान्स, म्हणजे गनला पुढं लावायची नळी, येते, तिचा दणका लई भारी आहे, पण ती पार्किंगच्या फरशीला आणि शेवाळाला, गाडीच्या पेंटला अजिबात लावायची नाही. गाडीला पसरट धार. मडगार्डच्या आतला आणि खालचा वाळलेला चिखल आधी भिजवून ठेवा, मग मारा, लादीच्या लादी सुटून पडते, हे बघायलाच मजा येते. तो चिखल ओल धरून ठेवतो आणि पत्रा तिथनंच गंजायला लागतो, त्यामुळं वरून चकाचक करून खालचं सोडून देऊ नका.

पाणी कमी लागतं हा मोठा फायदा. मिनिटाला जास्तीत जास्त 6 लिटर, म्हणजे पंधरा मिनिटं ट्रिगर सलग दाबून धरला तरी 90 लिटर. ट्रिगर सोडला की मोटर आपोआप बंद होते, ही ऑटो स्टॉपची सोय नसलेलं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. टाकीचं पाणी कमी प्रेशरनं येतं म्हणून बरेच जण घाबरतात, पण दाब मशीन तयार करतं, त्याला फक्त पाणी अखंड मिळालं पाहिजे. 10 लिटरची बादली मिनिटभरात भरत असेल तर टेन्शन नाही. पिंपातनं ओढायचं असेल तर फिल्टरवाला सक्शन पाईप वेगळा घ्यावा लागतो, त्याचे पैसे आधीच धरा. आणि मशीन चालू करायच्या आधी ट्रिगर दाबून पाणी सोडा, आतली हवा निघून जाऊ दे, मगच स्विच.

लाईटचं पण बघा. 1400 वॅट म्हणजे साधारण 6 अँपिअर, साध्या छोट्या सॉकेटवर लावायचंच नाही, 16 अँपिअरचा पॉवर सॉकेट पाहिजे, अर्थिंगसकट. बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड तापतो, अडीच एमएमची वायर घ्या.

आवाज आहे, भरपूर आहे. या रेंजमध्ये कार्बन ब्रशच्या, म्हणजे आत घासणारे कार्बनचे तुकडे असलेल्या मोटरी असतात, त्या आवाज करणारच, पहाटे शेजारी झोपलेले असताना लावू नका.

याच्यापेक्षा स्वस्त पण मिळतात. गल्लीतल्या मित्रानं एक घेतलं होतं, चाललं पण झकास, नंतर पंपातनं पाणी गळायला लागलं. ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी रिंग, आपल्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात मापानं मिळून गेली, पण आतला पार्ट कुठंच मिळेना आणि कंपनीचा फोन कोण उचलेना. म्हणून माझं म्हणणं, हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील पण स्पेअर आणि सर्व्हिस कुठं मिळते हे विचारूनच घ्या.

घरची एक कार, एक-दोन टू व्हीलर, आठवड्यातनं एकदा धुणार, त्यांनी बिनधास्त घ्यावं. गोठा, ट्रॅक्टर, टेम्पो असं रोज तासभर चालवायचं असेल तर मात्र हे घेऊ नका, इंडक्शन मोटरचं, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचं बघा, जड असतं आणि पैसे पण जास्त जातात, पण रोजच्या कामाला तेच टिकतं.