पहिलं विमान: बाल्सा की फोम?

रिमोटवर उडणारं पहिलं छोटं इलेक्ट्रिक विमान घरी बांधायचं असेल, तर मी बिनधास्त ईपीपी फोम (लवचिक प्लास्टिकचा फोम) सांगेन. नाकावर आपटलं तरी फोम दबून परत फुगतो, चिरला तर ग्लूगनने मैदानावरच चिकटतो. 11.1 व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बदलली की विमान पुन्हा हवेत! बाल्सा मात्र काडकन मोडतो. बहुतेक इक्वेडोरहून येणारं हे लाकूड महागही पडतं. पण सांगाड्यावर उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची फिल्म लावून इस्त्री फिरवली की सुरकुत्या डोळ्यांदेखत निघतात, पंख ढोलाच्या पानासारखा तंग होतो. वाऱ्यात फोम लवतो, तिथे बाल्सा आकार सोडत नाही. हात बसला की बाल्साच घ्या. आणि हो, ईपीपीऐवजी साधा थर्मोकोल वापरलात तर इन्स्टंट ग्लू लावू नका, थर्मोकोल विरघळतो.